सुई न लागलेल्या कोंबड्या

कोइमतूरच्या पुढं,
२६ नोव्हेंबर २०२३

ताई,

पाया पडतो. तू बोरीला आलीस ते आबांनी फोनवर सांगितलं. "आलीय चार दिस," म्हणले. पण मागनं तुझा आवाज आला, भांडी घासता घासता बोलत व्हतीस तसला. पाव्हणी आलेली बाई भांडी घासत न्हाई. मी समजलो.

तुझा फोन दाजींनी ठेवून घेतला, आन आबांच्या फोनवर बोलायचं तर आबा मांडीला मांडी लावून बसत्यात. म्हणून पत्र. सातवीपतूर शिकलेल्याचं अक्षर हाय, हसू नको. इथं बी फोन गेटवर जमा करून आत सोडत्यात.

हे माझं चौथं काम. चाकण सोडलं, सुरत सोडली, गाडीवरची क्लिनरकी सोडली. आता कोंबड्यांच्या कंपनीत हाय. एका शेडात दहा हजार. आबा रविवारी नारायणगावासनं बॉयलर आणत्यात ना, ती अशी तयार व्हती. पिल्लू आलं की पस्तीस-चाळीस दिवसांत दोन किलो. पाय पेलत न्हाईत तिचं तिला. बसल्या जागी खाती, बसल्या जागी हागती. आत शिरलं की डोळ्यात कांदा चिरल्यागत व्हतं. मी आलो तवापासून कोंबडी तोंडात घातली न्हाई. पोरं म्हणत्यात, "मराठा साधू झाला."

ताई, तुझ्या हाताला कोंबडी लाभती. आई असताना तुझ्या बसवलेल्या अंड्यातलं एक वाया जायचं न्हाई. तू कोंबड्या पाळ. मोकळ्या, रानात फिरणाऱ्या. शहरातली माणसं तसली कोंबडी हुडकत फिरत्यात. तुझं तुला व्हईल, मग कुणी बोट दाखवणार न्हाई.

भरत

•

बोरी बुद्रुक,
१४ डिसेंबर २०२३

भरत,

तुझं पत्र पोस्टमननं आबांच्या हातात दिलं. "हा अन् पत्र?" म्हणून त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. फोडलं नाही मात्र.

तू विचारलं नाहीस, पण सांगते. या वेळी डाव्या कानावर मारलं. अजून त्या कानानं नीट ऐकू येत नाही. मारायचं कारण विचारू नकोस, भाजीत मीठ जास्त झालं होतं एवढंच. खोडदहून एकटी चालत निघाले आणि फाट्यावर रिक्षा मिळाली.

आबा वाईट नाहीत रे. पहिल्या दिवशी त्यांनीच मला चहा करून दिला. आठव्या दिवशी म्हणाले, "तुला ठेवायला माझी ना न्हाई. पण लोकं इचारत्यात. पुढल्या दिवाळीपतूर सोताच्या पायावर उभी ऱ्हा. न्हाई जमलं तर मी कुंडलिकरावांना निरोप धाडीन, आन तू जायचं." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तेव्हा तुझं ऐकलं. ठकूआजीनं दोन कोंबड्या अर्धलीनं दिल्यात. कोंबडी तिची, राखण माझी, पिल्लं निम्मी-निम्मी. तिचं बघून गल्लीतल्या आणखी पाच बायकांनी दिल्या. एक खुडूक बसली होती, तिच्याखाली तेरा अंडी ठेवलीत. बांधावर मडक्यात शेण आणि गोणपाट भरून पालथं घातलंय, उद्यापर्यंत वाळवी लागेल. पिल्लांना तेच पहिलं जेवण.

आबा लांबून बघतात आणि म्हणतात, "बिबट्याला जेवण तयार हाय म्हणा की." मी म्हटलं, आधी तुमच्या कुत्र्याचा नंबर.

तुझी ताई

•

कोइमतूरच्या पुढं,
३ जानेवारी २०२४

ताई,

कानाचं वाचलं आन दिसभर कामात लक्ष न्हाई लागलं. इथून दाजींचं काय करू? बादली आपटून फोडली, तिचं पैसं कापलं. जाऊ दे.

कोंबड्यांचं लिव्हलंस ते तीनदा वाचलं. आता माझं ऐक. माझ्याकडं शेडात पाण्याच्या टाक्यांचं काम हाय. पाण्यात काय काय वतत्यात ते मी बघतो, म्या सोता वततो. एक आजारी पडली तरी दहा हजारांना औशद. न्हाई पडली तरी औशद. रंग बघितलास तर पाणी पिवळं. हेच माणसाच्या पोटात जातं. माझ्या हातानं जातं, ताई. झोपताना हाताचा वास येतो.

म्हणून तुझ्या कोंबड्यांना यातलं काय बी लागलं न्हाई पाहिजे. औशद न्हाई, पुडी न्हाई, सुई तर अजिबात न्हाई. तुला माझ्या गळ्याची शपथ. लहानपणी घालायचो तसली न्हाई, खरीखुरी. मी तिकडं असतो तर राखण केली असती. आता माझा गळा ठेवलाय तिथं राखणीला.

भरत

•

बोरी बुद्रुक,
११ एप्रिल २०२४

भरत,

पत्राला उशीर झाला, कारण वेळच नाही. हे वाक्य लिहितानासुद्धा बरं वाटतंय!

लहान-मोठ्या मिळून बहात्तर झाल्यात. सकाळी डालगी उचलली की सगळ्या रानात पांगतात, चिंचेखाली उकरत बसतात. घारीसाठी आईची जुनी लुगडी बांधलीत बांबूंना. आबा आता रोज संध्याकाळी न सांगता मोजायला येतात. एक कमी भरली तर माझ्या आधी तेच हाका मारत हिंडतात. परवा कुणाला तरी सांगत होते, "आमच्या अक्षदाच्या कोंबड्या." मी आत उभी राहून ऐकलं, चांगल्या कानानं.

मंचरचे अकबरभाई कोंबडे नेतात. त्यांचं दुकान मोठं आहे, पिंजरे सगळे बॉयलरचे, पण रविवारी गावरान मागणारी माणसं येतात. ते नक्कल करून दाखवतात, "मोटारीतनं उतरत्यात आन इचारत्यात, चाचा, ऑरगॅनिक है क्या? मी म्हणतो, बाई, बोरीच्या रानात किडे खाऊन मोठी झाली, आता तुमी त्याला काय म्हणायचं ते म्हणा." त्यांच्यासाठी मी पत्र्यावर पाटी रंगवून दिली, "सुई न लागलेल्या गावरान कोंबड्या". तुझेच शब्द. गिऱ्हाईक वाचून थांबतं म्हणे.

आता महत्त्वाचं. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई आल्या होत्या. म्हणाल्या, उन्हाळा वाढला की मानमोडीची साथ येते, लस टोचून घ्या, पंखाखाली एक सुई. फुकट आहे. अकबरभाईपण म्हणाले, "बेटी, लस वेगळी, दवा वेगळी. गावरान म्हणजे बेवारस नव्हं. टोचून घे, पाटी मी पुसतो."

मलाही ते पटतंय. पण तुझी शपथ आहे. तेव्हा शपथ सोड. पत्रात "सुटली" एवढं लिहिलंस तरी पुरे. मी मधे आबांच्या फोनवरून केला होता, गेटवरच्या माणसानं तमिळमध्ये काहीतरी सांगून ठेवून दिला.

ताई

•

कोइमतूरच्या पुढं,
२२ एप्रिल २०२४

ताई,

न्हाई सोडत.

तुला राग येईल, येऊ दे. डॉक्टरीणबाई असंच म्हणणार, तिची नोकरी हाय. इथं बी पांढऱ्या कोटातलं सायेब येत्यात आन असंच गोड बोलत्यात. एक सुई, मग दुसरी, मग पाण्यात पुडी, मग तुझी कोंबडी आन माझी कोंबडी एकच. आपल्या आईनं कधी कोंबडीला सुई टोचली? जगत व्हत्याच की.

आन पाटी पुसायची? ती पाटी म्हंजी तू हाईस. ज्या दिवशी पुसली त्या दिवशी अकबरभाई तुला बॉयलरचा भाव देईल. तू शिकलेली, बारावी झालेली, पण शेडाच्या आत मी हाय. या एका गोष्टीत माझं ऐक. मी आजवर कुठलं काम धड केलं न्हाई. हे एक माझ्या डोक्यातनं निघालं आन नीट चाललंय.

शपथ तशीच.

भरत

•

बोरी बुद्रुक,
९ मे २०२४

भरत,

ठीक आहे. नाही टोचत.

उन्हाचा कडाका आहे. कोंबड्या दुपारी चोच उघडी ठेवून सावलीला पडून असतात. दोन तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या, कालपासून पंख पाडून बसल्यात, हिरवट हागतात. ऊन लागलं असेल. त्यांना वेगळ्या डालग्याखाली ठेवलंय आणि कांद्याचं पाणी पाजलंय.

बाकी सगळं छान. आबांनी कोंबड्यांसाठी पाण्याचं टाकं बांधायला घेतलंय. तू कामात चित्त ठेव, हे काम तरी सोडू नकोस.

ताई

•

कोइमतूरच्या पुढं,
१२ मे २०२४

ताई,

शपथ सुटली. सुटली, सुटली, सुटली. पहिली ही ओळ वाच आन पत्र खाली ठेवून दवाखान्यात जा.

झालं असं. इथं भगवंत म्हणून सांगोल्याकडचा माणूस हाय, पिल्लांना लस टोचायच्या कामावर. बारा वरसं तेच करतो. जेवताना मी त्याला तुझं कौतुक सांगत बसलो, पाटीचं बी सांगितलं. त्यानं घास खाली ठेवला. "मानमोडीची तरी दिली ना?" म्हणाला. मी छाती फुगवून म्हणलो, कायच न्हाई. तर म्हणतो कसा, "येड्या, तुला लहानपणी पोलिओचा डोस पाजला, तवा तू बॉयलर झालास का?" सगळी पोरं हसली. तो हसला न्हाई. म्हणाला, "तू टाकीत वततोस ते औशद येगळं. ही लस येगळी. मोकळ्या कोंबडीला तर जास्त लागती, ती धा ठिकाणी चोच मारती. साथ आली तर पाच दिसांत डालगी रिकामी."

मला काय ठावं ताई? मला सगळ्या सुया एकच दिसल्या. अकबरभाईंनी सांगितलं ते बरोबर व्हतं, तुझं बी बरोबर व्हतं.

पत्राला आठ दिस लागत्यात म्हणून सुट्टी टाकून गेटवर आलो आन आबांना फोन केला. ते कांद्याच्या चाळीवर व्हते, तू जवळ नव्हतीस. म्हणलं, ताईला लगेच सांगा, भरत म्हणाला शपथ सुटली, लस टोच. आबा म्हणले, "कसली शपथ? काय पोरखेळ लावलाय." पण "सांगतो" म्हणले. कोंबड्या कशा हायेत विचारलं, तर "झाक हायेत."

टोचलं की कळव.

भरत

•

बोरी बुद्रुक,
२८ मे २०२४

भरत,

तुझं बारा तारखेचं पत्र एकवीसला मिळालं. तोवर नऊ उरल्या होत्या. आज एकही नाही.

पहिल्या दोन तलंगा दहा तारखेला गेल्या. मग रोज. माना पाठीवर उलट्या वळायच्या, गोल गोल फिरायच्या आणि पडायच्या. पिल्लं तर उभ्या उभ्या. आबांनी बांधाला खड्डा काढला, चुना टाकला. बाराव्या डालग्यानंतर मी मोजणं सोडलं. आबा मोजत होते, तोंडातल्या तोंडात.

आबांनी मला निरोप सांगितलाच नाही, आणि तुला फोनवर "झाक" म्हणाले ते म्हणे तू काळजी करू नयेस म्हणून. तुझं पत्र वाचल्यावर मी विचारलं, तर म्हणाले, "कांदा चाळीत टाकायची घाई व्हती, इसरलो. आन शपथेचं काय एवढं?" त्या दिवशी ते जेवले नाहीत. मी त्यांना बोलले नाही, तूही बोलू नकोस. डॉक्टरबाई म्हणाल्या, बारा तारखेला टोचून फार काही वाचलं नसतंच. एप्रिलात हवं होतं.

आता जे लिहिते ते तुला टोचायला नाही. मी बारावी शिकलेय. तू चुकतोयस हे मला तेव्हाच कळत होतं. तुझं 'न्हाई सोडत' आल्यावर मी लस आणायला बर्फाची पिशवी घेऊन दवाखान्याच्या दारापर्यंत गेले होते. आत बाई होत्या, बाटली होती. मी दारातून परत आले. तुझ्या गळ्याशी खेळायची हिंमत झाली नाही. आई गेल्यापासून माझ्या बाजूनं बोलणारा तो एकच गळा आहे. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसतील. तू हसणार नाहीस.

आणि वाईट एवढ्यावर थांबलं नाही. साथ माझ्या कोंबड्यांतून गल्लीत गेली. ठकूआजीच्या घरच्या सगळ्या गेल्या. अर्धलीनं दिलेल्या तर गेल्याच. भांडल्या नाहीत रे बायका. पाणवठ्यावर मी गेले की गप्प होतात, एवढंच.

ताई

•

कोइमतूरच्या पुढं,
८ जून २०२४

ताई,

पत्र वाचून दोन दिवस शेडात गेलो न्हाई. मी मारल्या. रोग एप्रिलात आला न्हाई, माझं पत्र आलं.

आबा इसरले न्हाईत. मला त्यांचं डोकं ठावं हाय. तुझ्या कोंबड्या नीट चालल्या तर त्यांना लोकांना जन्मभर उत्तर देत बसावं लागलं असतं.

मी येतो. हे काम सोडतो, तीन सोडली तसं चौथं सोडीन. दिवाळीला अजून पाच महिने हायेत. आपण दोघं परत सुरू करू. मी पिल्लं घिऊन येतो, पहिल्या दिवसापासून लस टोचून, भगवंत शिकवतो म्हणाला. ठकूआजीच्या पाया मी पडतो. तू फक्त कुठं जाऊ नको. दाजी आले तर दार लावून घे.

भरत

•

बोरी बुद्रुक,
२० जून २०२४

भरत,

येऊ नकोस.

आबांवर तू लिहिलंस ते खोटं आहे. रिकाम्या डालग्यांपाशी मी त्यांना बसलेलं पाहिलंय. बांधून अर्धं झालेलं टाकं त्यांनी तसंच ठेवलंय, त्यात पाला साठतोय. पण माणूस थकला. म्हणाले, "पोरी, मला आता गल्लीत मान वर करून चालवंना. दिवाळीपतूर थांबून काय हुणार?" मी त्यांच्याशी वाद घातला नाही. मलाही चालवत नाही.

निरोप गेला. रविवारी कुंडलिक आले, बरोबर त्यांचे मामा. आबांनी नारायणगावहून बॉयलर आणली. मीच चिरली. हाड सुरीखाली ओल्या काडीसारखं मोडलं. मसाला नेहमीचाच घातला. सगळे पोटभर जेवले. "झकास झालीय," म्हणाले मामा. कुंडलिक म्हणाले, "मीठ बरोबर हाय आज." मामा हसले, आबा खाली बघत होते. मी पाणी वाढायला उठले.

तू नोकरी सोडून येशील, त्यांच्याशी मारामारी करशील आणि परत जाशील. मग मी तिथंच असेन. म्हणून तिथंच राहा, भगवंतांकडून काम शीक. मला तुझ्यावर राग नाही. शोधून पाहिला, सापडला नाही. सापडला असता तर बरं झालं असतं.

मोकळी कोंबडी पाळायची हे तुझं बरोबरच होतं. ते पाच महिने माझे चांगले गेले, हे लक्षात ठेव.

शनिवारी जाते. फोन आताही मिळणार नाही. खोडदला पत्र आलं की सासूबाई नाहीतर ते आधी फोडतात आणि मोठ्यानं वाचतात. पाठवायचंच असेल तर सगळ्यांनी ऐकलं तरी चालेल असं लिही.

ताई

•

कोइमतूर,
१४ जुलै २०२४

सौ. ताईस,

भरतचा नमस्कार. दाजींना व सासूबाईंना माझा नमस्कार सांगावा. मी येथे सुखरूप आहे. तुम्ही सर्व खुशाल असाल.

येथे हवा बरी आहे. आता मला लस देण्याच्या कामावर घेतले आहे. दिवसाला सातशे ते आठशे पिल्ले होतात. काम चांगले आहे, सोडण्याचा विचार नाही. जेवण वेळेवर मिळते.

खोडदला पाऊस चांगला झाला असे आबा फोनवर म्हणाले. सोयाबीनची पेरणी झाली असेल. दाजींची कंबर दुखत होती, आता बरी असेल. आबांची प्रकृती ठीक आहे. ते श्रावणात भेटायला येणार आहेत.

ताई, तुझी तब्येत चांगली असेलच.

मला शुद्ध लिहिता येत नाही म्हणून हे पत्र भगवंत यांच्याकडून तपासून घेऊन पुन्हा उतरवून काढले आहे. चुकले असल्यास दाजींनी मोठ्या मनाने माफ करावे.

सोबत माझा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट आहे. उत्तर पाठवावे. ते ताईच्या हातचे असावे, एवढीच विनंती. मजकूर काहीही असला तरी चालेल.

आपला,
भरत